एक्केचाळिसावं नाव

तिसऱ्यांदा कार्ड लावलं तरी ऑफिसचं दार उघडेना. इंजिनिअरनं काचेवर टकटक केली. दार बंद करणारी ही करामत त्याचीच होती.

महिन्याभरापूर्वी साहेबांनी त्याला कोड न लिहिता चालणारं एक साधन दिलं होतं. चौकोन ओढायचे, बाणांनी जोडायचे, की काम फत्ते. ‘हा तर पोरखेळ,’ म्हणून त्यानं आधी नाक मुरडलं आणि चार दिवसांत त्यालाच त्याची चटक लागली. त्यातूनच त्यानं नोकरकपातीची यंत्रणा जुळवली: यादीत नाव टाकलं की त्या माणसाला निरोपाचं पत्र जाई, कार्ड बंद होई, वरच्या ऑफिसला आकडा कळे. कुणाला समोर बसवून सांगायची कटकटच नको. चाचणीसाठी त्यानं, सगळे इंजिनिअर टाकतात तसं, स्वतःचंच नाव टाकलं आणि पुसायला विसरला. काल एचआरच्या मॅडमनी त्याखाली चाळीस नावं चिकटवून बटण दाबलं.

शेजारच्या टेबलावरचा दोस्त धावत आला. आतून दार उघडून त्यानं इंजिनिअरला हाताला धरून थेट मॅडमसमोर उभं केलं.

“मॅडम, याचं नाव चाचणीचं होतं हो! माझ्यासमोर टाकलं यानं. हवं तर लिहून देतो.”

मॅडमनी दोस्ताला बाहेर थांबायला सांगितलं.

“चूक झालीय, कळतंय मला,” त्या म्हणाल्या. “पण एक्केचाळीस हा आकडा वर गेला आणि मंजूरही झाला. आता तो कमी होणार नाही. तुमचं नाव काढते. त्या जागी तुमच्या टीममधलं दुसरं सांगा.”

टीम दोघांचीच होती.

ती चाळीस नावं त्यानं वाचलीसुद्धा नव्हती. या एका नावाशेजारी मात्र तो आठ वर्षं बसला होता. वडील कोसळले तेव्हा याच दोस्तानं त्यांना पाठुंगळी घेऊन तीन जिने उतरवले होते. वडील अजून अंथरुणावरच होते. इंजिनिअरला स्वतःची भयंकर लाज वाटली. मग त्यानं नाव सांगितलं.

बाहेर दोस्त येरझारा घालत होता.

“झालं का रे काम?”

“झालं,” तो म्हणाला, आणि दोस्तानं त्याला कडकडून मिठी मारली.