नेहमीचं ठेवलं आहे

“पत्रासोबत घरी काही पाठवते का ती?” मंदार साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं.

“काही नाही जी,” जफर मिस्त्री म्हणाला. “खुशाली पाठवते. अजून काय पाठवन?”

बोलता बोलता तो जळालेल्या विजेच्या मोटारीतली तांब्याची तार उलगडत होता. यवतमाळच्या या गाळ्यात एके काळी सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मोटारी रांगेनं पडून असायच्या. आता कापसाचे दिवस फिरले होते. निम्म्या जिनिंगांना कुलपं लागली होती आणि गाळ्यात मिक्सर नि पाण्याचे पंप उरले होते. नागपूरहून सरकारी माणूस चौकशीला यावा असं इथं काहीच नव्हतं. चौकशी होती जफरच्या लेकीची, निलोफरची.

निलोफर बंगळुरूच्या एका कंपनीत इंजिनिअर. कंपनीनं टीव्हीसाठी उपग्रह बनवला होता. एवढं वजन उचलणारं रॉकेट आपल्याकडं अजून नव्हतं, म्हणून तो परक्यांच्या देशातून, परक्यांच्या रॉकेटवर जाणार होता. उडण्याआधी महिनाभर तो त्यांच्याच शेडमध्ये राहणार. तिथं कोणी हळूच त्यातली सीलबंद पेटी उघडून आतलं पाहिलं तर? नक्कल उतरवून घेतली तर? सरकारला धास्ती होती ती हीच. म्हणून पेटीपाशी आपली माणसं पाळीपाळीनं बसवायची होती. सहा नावं निघाली. सहावं निलोफरचं. त्या नावापुढं मंदार साहेबांची सही तेवढी व्हायची होती.

“काय असते जी त्या पेटीत?” जफरनं विचारलं.

“मलाही सांगितलेलं नाही.”

“आता घ्या. काय राखाचं तेच माहीत नाही, तर राखाचं कसं?”

साहेब हसले नाहीत. “लहानपणी कशी होती मुलगी?”

जफरचा हात तारेवर थांबला. खरं सांगायचं तर पोरीला दिसेल ती वस्तू उघडून पाहण्याचा भस्म्या झाला होता. घड्याळ उघडलं. रेडिओ उघडला. एकदा तर आईची शिलाई मशीन उघडून तिचे स्क्रू मापानं ओळीत मांडून ठेवले. पेटी कोणी उघडू नये म्हणून जिला बसवायचं, तिच्याबद्दल हे सांगावं कसं?

“शांत होती जी,” तो म्हणाला.

पडद्यामागून गुलनार चहा घेऊन आली. “झूठ कायले बोलता? अर्धं घर खोललं होतं तिनं.”

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. जफरनं बायकोकडं असं पाहिलं, की ती कप ठेवून मुकाट आत गेली.

“हे तिचंच ना?” साहेबांनी बाकावरच्या पाकिटाकडं बोट केलं. “उघडलं नाही अजून?”

“सकाळीच आलं. हात वार्निशचे हायत. धुतल्याबिगर मी तिचं पत्र घेत नाही.”

“धुवा. आणि माझ्यासमोर उघडा.”

जफरनं हात धुतले, पुसले. पाकीट फाडायच्या आधी त्यानं झाकणाच्या कडेवरून नख फिरवलं. मग ते उजेडात धरलं. पुन्हा नख फिरवलं.

“साहेब, हे कोनीतरी उघडून परत चिकटवलं.”

“बंद तर आहे पाकीट.”

“बंद हाय. पन तंतू नाही.”

गिऱ्हाईक परत आलेल्या मोटारीवर हात ठेवून शपथ घ्यायचं, मिस्त्री, तुमच्याशिवाय कोणी हात लावला नाही. म्हणून झाकण बसवताना जफर खाली कापसाचा एक तंतू ठेवायचा, टोक जेमतेम बाहेर. जिनिंगच्या हवेत तंतूंना काय तोटा! उघडणाऱ्याला तो दिसायचा नाही, दिसला तरी कचरा वाटायचा. तंतू गेला, की जफर समजायचा, मध्ये दुसऱ्या मिस्त्रीचा हात फिरला. पोरीनं रेडिओ उघडल्याची चोरी त्यानं अशीच पकडली होती. निलोफर तेव्हा आठ वर्षांची. रडली नाही, माफीही मागितली नाही. “अब्बा, तुम्हाला समजलं कसं?” म्हणत दोन दिवस त्याच्या सदऱ्याला धरून फिरली, जेवतानासुद्धा. शेवटी त्यानं सांगितलं. पुढं ती हॉस्टेलला गेली, नोकरीला गेली. तिच्या एकूण एक पाकिटाच्या झाकणाखाली एक तंतू असायचा.

जफरनं हे सगळं सांगितलं. आता लपवून काय उपयोग?

साहेबांनी चहाचा कप बाजूला सारला. मग त्यांनी खिशातली डायरी काढून वाचलं, “‘नेहमीचं ठेवलं आहे, अब्बा. बघून घ्या.’ हे तिचं शेवटचं वाक्य. पाकिटात तर कागदाशिवाय काहीच नव्हतं. हे नेहमीचं म्हणजे काय, तेवढ्यासाठी मी नागपूरहून आलो.”

“ते तंतूच जी,” जफर हळूच म्हणाला. “तुमी उघडलं तवाच पडला असन.”

साहेबांची नजर नकळत स्वतःच्या बाहीकडं गेली. ती त्यांनी दोन बोटांनी झटकली. फॉर्म पुढं ओढला, सहाव्या नावापुढं सही केली आणि पेनाचं टोपण लावता लावता सहज विचारलं, “प्रत्येक पत्रात लिहिते का ती असं, नेहमीचं ठेवलं म्हणून?”

“नाही जी. लिवलं तर खेळ कायचा?”

आणि जफर थांबला. त्यानं पाकीट उघडलं, थेट शेवटची ओळ काढली, तिच्यावर बोट ठेवून दोनदा वाचली. दहा वर्षांची पत्रं त्याला पाठ होती; एकातही ही ओळ नव्हती.

“साहेब,” तो म्हणाला, “हे तिनं मले नाही लिवलं. हे तुमाले लिवलं.”