निळा डाग नव्हता

स्वयंपाकघरातली शांतता फुर्रर्र अशा आवाजाने मोडली. पाच वर्षांची मनू कोकम सरबताच्या ग्लासात स्ट्रॉ घालून बसली होती.

“आई, किती ओढते तरी वर येतच नाही. नुसती हवा येते.”

“चावलीस ना? चीर पडलीय बघ.” वृषालीने स्ट्रॉ उलटसुलट करून पाहिली. चिरेतून थेंबही बाहेर आला नव्हता. हवा मात्र आत शिरत होती. तिने झटकन घड्याळाकडे पाहिलं.

विमान उडवायला शिकवणाऱ्या फ्लाइंग क्लबात ती विमानं दुरुस्त करायची. काल एका छोट्या विमानात इंधनाचा दाब कमी दिसत होता. या इंधनात निळा रंग मिसळलेला असतो, त्यामुळे गळलं की ते निळा डाग सोडतं. तो कुठेच नव्हता, म्हणून मीटरच बिघडलाय असं धरून तिने मीटर बदलला आणि इंजिन चालवून न पाहताच विमान उडायला ठीक असल्याची सही केली. आज चार वाजता त्याच विमानातून एक मुलगी पहिल्यांदा एकटी उडणार होती. आता पावणेचार झाले होते.

“गुरवकाका, विमान सोडू नका. पंपाच्या अलीकडच्या नळीचा जोड हवा आत ओढत असणार, म्हणून इंधन बाहेर गळलंच नाही,” ती फोनवर क्लबातल्या सहकाऱ्याला म्हणाली.

“अगं, सही तुझीच आहे की!”

“चुकलं माझं. थांबवा, वर गेल्यावर इंजिन बंद पडेल.”

अर्ध्या तासाने काकांचा फोन आला. “नट ढिला निघाला गं. पोरगी रुसलीय. पहिल्यांदा एकटं उडून उतरल्यावर भिजवायची रीत ना, तिच्यावर ओतायला भरलेल्या पाण्याच्या बादल्या तशाच पडल्यात.”

मनूला कुशीत घेऊन वृषालीने सगळं सांगितलं. मनूने चावलेली स्ट्रॉ बोटांत फिरवली.

“आई, मी स्ट्रॉ चावली नसती, तर त्या ताईचं काय झालं असतं?”