हिरवा ठिपका

"निळं-पांढरं विमान, हिरव्या ठिपक्यावर उतर," रेडिओवरचा माणूस म्हणाला.

ऑशकॉशच्या वार्षिक विमान-मेळाव्याला उतरताना तोंडाने उत्तर द्यायचं नसतं. आकाशात इतकी गर्दी असते की प्रत्येक जण बोलू लागला तर कुणाचंच कुणाला ऐकू यायचं नाही. ऐकलं, एवढी खूण म्हणून पंख हलवायचे. मार्लाने पंख हलवले. तिच्या पुढचं विमान धावपट्टीवर रंगवलेल्या केशरी ठिपक्यावर टेकत होतं. हिरवा ठिपका तिला लांबूनच स्पष्ट दिसला. ती त्याच्यावर उतरली, जराशी आदळतच.

धावपट्टीच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्यांपैकी एका म्हाताऱ्याने पुठ्ठ्याची पाटी उंच धरली. दहापैकी तीन.

झेंडीवाल्याने तिला गवतात तिसऱ्या रांगेत जागा दाखवली. विमान बांधायच्या खुंट्या काढून ती पंखाखाली वाकली, तोच तो म्हातारा पाटी काखेत मारून गवतातून येताना दिसला.

"तीन दिलेत, तेसुद्धा जुनी ओळख म्हणून!" तो लांबूनच ओरडला. "गेल्या साली दांडी मारलीस, निदान कुणाबरोबर निरोप तरी धाडायचास! आणि पोट कुठं गेलं रे तुझं, व्हर्लिन? मुलीनं उपाशी ठेवलं वाटतं?"

मार्ला उभी राहिली. दहा पावलांवर आल्यावर तो थांबला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"तू व्हर्लिनची मुलगी."

"मार्ला. आणि तुम्ही ऑरिन टेस्के." बावीस वर्षं हे नाव ती दर जुलैनंतर ऐकत आली होती. "बाबा फेब्रुवारीत गेले. तुमचा पत्ता, नंबर, काहीच सापडलं नाही त्यांच्या वहीत."

"नंबर कशाला घेतोय," ऑरिन म्हणाला. "जुलैत भेटायचंच असायचं."

तो तिने उतरवून ठेवलेल्या बर्फाच्या पेटीवर बसला. आधी उतरेल त्याने दुसऱ्याला पाटी दाखवायची आणि आपला तंबू उचलून त्याच्या पंखाखाली आणायचा, असा त्या दोघांचा रिवाज होता. वर्षातले सहा दिवस. बाकीच्या दिवसांत एकमेकांचं काय चाललंय, हे दोघांनाही ठाऊक नसायचं.

मार्लाने पहिली खुंटी जमिनीत ठोकायला घेतली. हाताला काम असलं की तिला बोलता यायचं.

"गेल्या वर्षी त्यांनी दांडी नव्हती मारली. मी थांबवलं त्यांना. डोळ्यांचं मीच डॉक्टरांना सांगितलं, त्यांच्या पाठीमागे. उडवायचा परवाना गेला." तिने खुंटी हलवून पाहिली आणि दुसरी घेतली. "त्यानंतर सात महिने होते. वेळेवर जेवायचे, गोळ्या घ्यायचे, माझ्याशी पावसापाण्याचं बोलायचे. या विमानाचं नाव मात्र पुन्हा काढलं नाही. डोक्यावरून एखादं गेलं तर मान खाली घालायचे."

ऑरिनने पाटी गवतात पालथी ठेवली.

"मी तुम्हाला एकच विचारायला आलेय. त्यांना उतरताना तुम्ही दरवर्षी बघत होतात. ते अजून उडवू शकले असते का?"

वरून सहा जुनी लढाऊ विमानं एका ओळीत गेली. त्यांचा आवाज विरेपर्यंत ऑरिन थांबला.

"दोन वर्षांपूर्वी त्याला केशरी ठिपका सांगितला होता," तो म्हणाला. "तो हिरव्यावर उतरला. हिरव्यावर एक लाल विमान होतं, नुकतंच टेकलेलं. आत नवरा-बायको. त्यांच्या शेपटीवरून गेला तो. एवढ्यावरून." त्याने हात आपल्या छातीशी धरून दाखवला. "त्या दिवशी मी दहाची पाटी दाखवली. दहापैकी दहा. सगळे हसले. तोही हसला."

मार्लाचा हात थांबला होता.

"संध्याकाळी सॉसेज भाजत होतो, तेव्हा त्यानं विचारलं, 'रेडिओवर मला कशाला झापत होते रे?' त्याला ते लाल विमान दिसलंच नव्हतं, पोरी. मी म्हटलं, 'जाऊ दे, वाऱ्यानं ढकललं तुला.'"

"तुम्ही आम्हाला कळवलं नाहीत."

"नाही. गाव ठाऊक होतं तुमचं. मनात असतं तर शोधून काढलं असतं."

"मग?"

"मग पुढल्या जुलैत माझा तंबू कुणाच्या पंखाखाली गेला असता?"

फेब्रुवारीपासून जे ऐकायची तिला आस होती, ते ऐकून झालं होतं. हलकं असं काही वाटलं नाही. ती खुंटीवर घाव घालत राहिली. खुंटी केव्हाच डोक्यापर्यंत आत गेली होती.

ऑरिनने खिशातून फोन काढला, नाकाजवळ नेला आणि बराच वेळ त्यात काहीतरी शोधलं.

"काल मी उतरलो तो पुढच्याच्या शेपटीला धरून," तो फोनकडे बघतच म्हणाला. "रंग कुठला ते ऐकू आलं. दिसला नाही." मग एकदाचं त्याला नाव सापडलं. "डीना. माझी मुलगी. इस्पितळात नर्स आहे. तुझ्यासारखीच कडक. डोळ्यांचं हे पोटात ठेवून बसलोय वर्षभर, जीभच रेटत नाही. तू सांग तिला."

त्याने बटण दाबलं, फोन तिच्या हातात दिला आणि धावपट्टीकडे तोंड करून बसला.

मार्लाने हातोडी गवतात ठेवली. पलीकडे तिसऱ्या घंटेला फोन उचलला गेला.

"बाबा?" एक आवाज म्हणाला. "कालपासून वाट बघतेय मी. पोचलात ना नीट?"