जोडीदाराची वही

“हे अक्षर तुमचंच ना, सिस्टर?” मेट्रननी टेबलावरची वही फिरवून ताईसमोर सरकवली.

अक्षर ताईचंच होतं. वहीही तिचीच. पण ती मेट्रनच्या टेबलावर असायचं काही कारण नव्हतं. ताई उभीच राहिली.

मेट्रन वाचू लागल्या. “‘आज बारा ड्रेसिंग एकटीने केली. हात एकदाही थरथरला नाही.’ ‘चार नंबरची बाई किंचाळत होती, तरी मी शांत राहिले.’ वा! इतकी खंबीर नर्स मी लसीकरणाच्या खोलीत बसवू? मग जळीत वॉर्डात ठेवू कुणाला?”

लसीकरणात एकच जागा रिकामी झाली होती आणि अर्ज दोन आले होते. एक ताईचा, दुसरा तिच्याच वॉर्डातल्या, रेडिओ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नर्सचा. ताईला जळलेल्या माणसांमध्ये तीन वर्षं झाली होती. मलमाचा वास कितीही घासला तरी अंगावरून जात नव्हता. पाच वर्षांची लेक आता तिच्या कुशीत शिरत नव्हती, पाठ करून झोपायची. ही जागा हुकली तर पुढची कधी निघेल ते देवालाच ठाऊक.

“वही तुम्हाला कुणी दिली?” ताईने विचारलं.

“तुमच्या जोडीदाराने. काल तुमची सुट्टी होती ना? स्वतःहून आणून दिली.”

तीन महिन्यांपूर्वी इस्पितळाने नर्सेसचं मन कणखर करायला एक बाई बोलावल्या होत्या. ताईने तोंडावरच विचारलं होतं, “उभं राहून राहून पाय सुजतात आमचे, आणि मालिश मनाला करणार?” बाई चिडल्या नाहीत. काय बिघडलंय ते रोजच दिसतं, म्हणाल्या, काय शाबूत आहे ते शोधायची सवय लावा. त्यांनी प्रत्येकीला एक वही दिली आणि जोड्या लावल्या; ताईची जोडी रेडिओशी लागली. ड्यूटी संपली की आजच्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि चहा घेता घेता जोडीदाराला वाचून दाखवायच्या. मग वही जोडीदाराच्याच कपाटात ठेवायची. म्हणजे एखाद्या वाईट दिवशी कुणी आपलीच चांगली पानं फाडून टाकणार नाही. जोडीदाराने ती उघडायची नाही. दुसऱ्या कुणाला द्यायची तर नाहीच नाही.

खरं सांगायचं तर ताईला त्याचा गुण आला होता. लिहायचंय म्हटल्यावर डोळे शोधू लागायचे आणि काहीतरी हाती लागायचं. शिवाय रेडिओला ऐकणं ही तर चैनच होती. तिच्या तोंडाला बंद करायचं बटणच नव्हतं, म्हणून सगळ्या तिला रेडिओ म्हणत. वही डोळ्यांसमोर धरून ती वाचायची, “एक, सहा नंबरच्या आजोबांनी मला शिवी घातली. म्हणजे घसा सुधारला. दोन, नवे डॉक्टर मला मॅडम म्हणाले. मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. तीन, कँटीनच्या चहात आज चहा सापडला.” ताईला हसून हसून ठसका लागायचा. हिला कशाचं काही वाटतच नाही, असं तिच्या मनात यायचं. थोडा हेवाही वाटायचा.

आणि त्याच बयेने केसाने गळा कापला होता.

रेडिओ ड्रेसिंगच्या खोलीत गॉजचे तुकडे कापत बसली होती. ताईने दार लोटून घेतलं.

“माझी वही तू दिलीस?”

“हो.” रेडिओने मान वर केली नाही. “तू निभावून नेशील, ताई. मला नाही जमणार आता.”

“तुला? तुला काय धाड भरलीय?”

कात्री चालूच राहिली. एरवी एका शब्दाला दहा शब्द देणारी ही, आज बरं गप्प बसता येतं हिला, ताई मनात म्हणाली. सख्ख्या बहिणीला सांगितलं नसतं ते तिने हिच्यापुढे वाचलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते निव्वळ रागाचं.

ती तडक आपल्या कपाटापाशी गेली. रेडिओची वही साबणाच्या डब्याशेजारी होती. नियम म्हणून तीन महिन्यांत ताईने तिचा पुठ्ठासुद्धा उचलला नव्हता. आता कसला नियम? जशास तसं. वही काखेत मारून ती पुन्हा मेट्रनपुढे जाऊन उभी राहिली.

“ही तिची. आता हीही वाचा. मी खंबीर असेन, तर ती माझ्या दसपट आहे. सगळं पाठ आहे मला.”

मेट्रननी पहिलं पान उघडलं. मग मधलं एक. मग भराभर शेवटपर्यंत उलटत गेल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“सिस्टर, तुम्ही ही वाचलीय?”

“वाचली नाही. रोज ऐकलीय.”

मेट्रननी वही तिच्याकडे फिरवली. वर तारीख होती. खाली एक, दोन, तीन असे आकडे, नीट एकाखाली एक. आकड्यांपुढे काहीच नव्हतं. ताईने पान उलटलं, आणखी एक उलटलं. तारीख आणि आकडे, तारीख आणि आकडे. कुठेकुठे पेन नुसतंच टेकवून धरल्याचा शाईचा डाग तेवढा होता.

तीन महिने रेडिओ तिला ही कोरी पानं वाचून दाखवत होती, आणि रोज चहाचा कप खाली ठेवताना ताई तिला म्हणत होती, “तुझं बरं आहे बाई, तुला काही ना काही सापडतंच.”