दुप्पट ऑइल

हवामापन केंद्रात हेमलताबाईंच्या पडद्यावर पेट्रोलबंदीपासून अकरा वर्षं धुराचा आकडा शून्यच होता. पेट्रोलची गाडी दिसली की जप्त व्हायची. आज आकडा एकदम सत्तरवर गेला. यंत्रानं धूर ओळखला: जुनी स्कूटर, पेट्रोलमध्ये ऑइल दुप्पट.

बाई चरकल्या. ही खोड त्यांच्या नवऱ्याची. “इंजिनाला जपावं लागतं गं,” म्हणायचे, आणि एक दिवस त्याच स्कूटरवरून घर सोडून गेले ते गेलेच.

मुख्य कार्यालयातून फोन आला. “मॅडम, तुमच्या चौकात धूर दिसतोय. गाडी पकडायला माणसं पाठवू?”

“नको हो. यंत्रात झुरळ शिरलंय.”

त्यांनी धावत जाऊन खिडकी उघडली. रस्ता रिकामा होता. त्या ओळखीच्या वासात बाई उभ्या राहिल्या, आकडा पुन्हा शून्यावर येईपर्यंत.