आठ व्होल्ट

मॅनेजरने पुढे सरकवलेला कागद वायरमनने एकदा वाचला, मग पुन्हा वाचला, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कारखान्याच्या इस्त्रीखात्याला परवा आग लागली, ती म्हणे मावशींच्या गुडघे शेकायच्या विजेच्या पॅडमुळे. त्यांनी ते न विचारता लावलं, लाइनवर भार पडला, भिंतीतली तार पेटली. सबब त्यांना कामावरून काढण्यात येत आहे. खाली तांत्रिक तपासणी करणाऱ्याची सही हवी होती. म्हणजे त्याचीच.

मावशी समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. अठरा वर्षं शर्टांना इस्त्री केलेल्या बाई, उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. आग लागली तेव्हा सगळे दाराकडे धावले आणि ह्यांनी आधी शेजारणीची पेटलेली बाही हाताने विझवली. कागदावर त्याचा एक शब्द नव्हता.

सही कर आणि मोकळा हो, मॅनेजर म्हणाला, मोठे साहेब वाट बघतायत.

पुरावा म्हणून पॅड टेबलावरच ठेवलं होतं. वायरमनने ते उचललं आणि थेट मॅनेजरच्या खुर्चीमागच्या सॉकेटला लावलं. आपला मीटर जोडला, त्यावर आकडे आले. दोनशे तीस व्होल्ट, करंट पाव अँपिअर. राग आला की त्याचा आवाज चढत नसे, उलट खाली जाई. आपण शाळेतलं पोर समजावतोय अशा सुरात त्याने सांगितलं की व्होल्टला करंटने भागलं की रोध निघतो, नऊशे वीस ओहम. एवढा रोध असला तर आतून करंट वाहणार तरी किती? आता व्होल्टला करंटने गुणा, की पॉवर निघते. सत्तावन्न वॅट. साहेबांच्या डोक्यावरचा पंखा याहून जास्त खातो. आणि इस्त्री? एक इस्त्री पाच अँपिअर ओढते, साडेअकराशे वॅट. अहो, चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, तर निदान संन्यासी तरी जरा धष्टपुष्ट शोधायचा!

मॅनेजरला हसू आलं नाही. मला तुझं गणित कळत नाही, तो म्हणाला, भार कशाचा तरी झालाच ना?

झालाच. ती लाइन चार इस्त्र्यांची. मोठी ऑर्डर आली आणि त्याच तारेवर आठ लावल्या. कोणी लावायला सांगितल्या, ते खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. वीस अँपिअरच्या तारेतून चाळीस जायला लागले. वायरमनने खिशातून छोटी वही काढली, पान शोधलं आणि टेबलावर आपटली. बोर्डापाशी दोनशे तीस व्होल्ट, इस्त्रीच्या टेबलापाशी दोनशे बावीस. मधले आठ गेले कुठे?

"आठ व्होल्ट, चाळीस अँपिअर. तीनशे वीस वॅट," तो म्हणाला. "हे इस्त्रीत नाही जळत, साहेब. भिंतीतल्या तारेत जळतात. दोन्ही पाळ्या, रोज. चार इस्त्र्या होत्या तेव्हा ऐंशी होते. करंट दुप्पट केलात, उष्णता चौपट झाली."

मॅनेजर मागे रेलला. त्याच्याकडे अजून हुकमाचं पान होतं आणि ते टाकायची त्याला घाई नव्हती.

"मग फ्यूज का नाही उडाला रे?" त्याने विचारलं. "त्यात जाड तार कोणी घातली?"

हा प्रश्न येणार, हे वायरमनला कागद बघताक्षणी कळलं होतं. फ्यूज दिवसातून पाच-पाच वेळा उडायचा, काम थांबायचं. ह्याच माणसाने बोर्डाशेजारी उभं राहून सांगितलं होतं, काय वाट्टेल ते कर पण ही कटकट बंद कर. त्याने तांब्याची जाड तार पिळून बसवली. कटकट बंद झाली. मॅनेजरने पाठ थोपटली होती आणि, खोटं कशाला बोला, त्याला ते आवडलंही होतं.

"मी घातली," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत, मी घातली."

मॅनेजरने शांतपणे समजावलं. सांगितल्याचा पुरावा नाही, घातलेली तार मात्र जळक्या बोर्डात अजून आहे. सही केलीस तर दोन वर्षांनी जाणारी एक म्हातारी आज जाईल. नाही केलीस तर तू जाशील, आणि पुन्हा कुठे बोर्डाला हात लावू देणार नाहीत. बघ बाबा.

वायरमनने पेन उचललं आणि टाइप केलेल्या ओळींवर अशी रेघ मारली की कागद फाटला. खाली लिहिलं: चार इस्त्र्यांच्या लाइनवर आठ इस्त्र्या, फ्यूजमध्ये जाड तार, तार माझ्या हातची, हुकूम मॅनेजरचा. सही ठोकली. संताप अजून उतरला नव्हता, पण छाती जरा हलकी झाली होती. आता तुम्हाला काढायला यांच्याकडे कारणच उरलं नाही, असं सांगायला तो मावशींकडे वळला.

मावशी कागदाकडे बघतच नव्हत्या. डाव्या हाताने त्यांनी वही जवळ ओढून घेतली होती आणि पानाच्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं होतं. चार महिन्यांपूर्वीची तारीख. त्यांनी ती दोनदा वाचली.

"भिंत तापतेय म्हणून मी तुला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा हे तुझ्या खिशात होतं. आणि तू म्हणालास, मावशी, जरा अलीकडे सरकून उभ्या राहा."