पेन्सिलची रेघ

"ताई, खरं सांगा, हा शॉवर कोण वापरतं?"

प्लंबरने विचारलं आणि तिने लगेच मान हलवली. "आमच्याकडे शॉवर कुणी वापरत नाही. ही बाथरूम सासऱ्यांची. ते सकाळी बादलीने आंघोळ करतात. आमची वेगळी आहे."

प्लंबर बाथरूममागच्या भिंतीपाशी आला. आठ दिवसांपूर्वी त्याने ओलीच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून ठेवली होती. आज ओल रेघेच्या वीतभर बाहेर सरकली होती.

"सगळे नळ बंद केले की मीटर हलत नाही. म्हणजे नळापर्यंतचा पाइप ठणठणीत. शॉवर सोडल्यावर पाणी वर चढतं, तो तुकडा गळतोय. वापर नसता तर एव्हाना भिंत सुकली असती."

हा उगाच काम वाढवतोय, असं तिला वाटलं.

"वापरत नसाल तर तो तुकडा कापतो आणि तोंडाला डमीचं बूच बसवतो," प्लंबर म्हणाला. "शॉवरच बंद. कटकट गेली."

"तेच करा. गुरुवारी दुपारी या."

तो गेल्यावर सासरे खुर्चीतून म्हणाले, "कशाला भिंत उकरायची? रंगाचा हात मारला की झालं." संध्याकाळी नवराही शब्दन् शब्द तेच म्हणाला. एरवी या बापलेकांचं पंखा किती वेगाने फिरवावा यावरही एकमत होत नसे. तिच्या मनात पाल चुकचुकली.

नवरा जवळच्याच चष्म्याच्या दुकानात कामाला. वडिलांना जेवण वाढायला दुपारी तासभर घरी येई. ती सहापर्यंत ऑफिसात. आता एकेक गोष्ट सलू लागली. सकाळी निळ्या शर्टात गेलेला माणूस संध्याकाळी पांढऱ्यात. बाथरूममध्ये भारी वासाचा नवा साबण. आणि कपाटात अगदी मागे खुपसलेली दमट चादर. घडी कोपऱ्याला कोपरा न लावता केलेली. ती नवऱ्याचीच घडी.

"बाबा, दुपारी कुणी येतं का हो घरी?"

"कोण येणार? मी झोपलेला असतो," सासरे पेपर खाली न घेताच म्हणाले. तीस वर्षं खोटं बोलणाऱ्या पोरांचे कान पिळलेले मुख्याध्यापक ते. पेपरमागे आज त्यांचेच कान लाल झाले होते.

म्हणजे लेकाचे धंदे बाप पाठीशी घालतोय! तिचा संताप संताप झाला, आणि त्याहून जास्त रडू आलं. बारा वर्षांचा संसार, आणि जे भिंतीला कळलं ते आपल्याला कळू नये?

प्लंबर आता गुरुवारऐवजी शनिवारी येणार, असं तिने घरात सांगितलं. गुरुवारी अर्धी रजा टाकली, प्लंबरला खालीच गाठलं आणि किल्लीने दार हळूच उघडलं.

शॉवर चालू होता. पाण्याच्या आवाजातून नवऱ्याचा मऊ आवाज आला, "लाजायचं काय त्यात? तेही माझ्यापासून?"

प्लंबरला दाराबाहेरच थांबायची खूण करून ती पुढे गेली. बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं.

सासरे पाठमोरे, प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. नवरा शर्टासकट भिजून त्यांच्या पाठीला साबण लावत होता. पायाशी बादलीत सासऱ्यांच्या पलंगावरची चादर बुडवलेली होती.

"ती यायच्या आत वाळेल ना रे चादर?" सासरे विचारत होते. "सूनबाईला कळलं तर तोंड कसं दाखवू मी?"

ती पाऊल न वाजवता मागे आली. बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि किल्ली हातात असताना बेल दाबली. दाबूनच धरली. आत पाणी थांबलं, धावपळ सुरू झाली.

प्लंबरने पिशवीतून डमी काढली.

"ती ठेवून द्या, दादा," ती म्हणाली. "शॉवर दुरुस्त करा. आमच्याकडे रोज लागतो."